मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला एकट्याने जायचंय? या क्रमाने तयारी करा

एड्रियाटिक समुद्राचं पाणी डोंगरांच्या मधून सुमारे २८ किलोमीटर आत शिरलं आहे. त्या आखाताला स्थानिक लोक नुसतं 'बोका' म्हणतात. त्याच्या अगदी आतल्या टोकाला, उभ्या कड्याच्या पायथ्याशी कोटोर वसलं आहे. १४२० ते १७९७ या काळात इथे व्हेनिसची सत्ता होती. १५ एप्रिल १९७९ च्या भूकंपाने गावाची मोठी पडझड झाली आणि त्याच वर्षी युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसा यादीत घेतलं. तटबंदीच्या आतलं जुनं गाव इतकं लहान आहे की एका दारातून शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडायला दहा मिनिटं पुरतात.

एकट्या माणसाला हे गाव सोपं जातं. अडचण येते ती तिथे पोहोचेपर्यंत: व्हिसा, सीमा, विमा आणि बस. त्यामुळे या लेखाचा बराच भाग गावात शिरण्याआधीच्या तयारीबद्दल आहे.

१. तिकिटाआधी व्हिसा नीट वाचा

मॉन्टेनेग्रोत युरो चालतो, पण हा देश युरोपियन युनियनमध्ये नाही आणि शेंगेन क्षेत्रातही (एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपीय देशांचा गट) नाही. बहुतेक घोळ या एका गोष्टीमुळे होतात.

भारतीय पासपोर्टवर मॉन्टेनेग्रोसाठी व्हिसा लागतो. मात्र शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा किंवा तिथला वास्तव्याचा परवाना हातात असेल, तर वेगळ्या व्हिसाशिवाय ३० दिवसांपर्यंत राहता येतं. तो व्हिसा त्याआधी संपत असेल, तर मुक्कामही त्याच तारखेपर्यंत. यातलं काहीच नसेल तर मॉन्टेनेग्रोचा स्वतःचा व्हिसा काढावा लागेल. हे नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यात मॉन्टेनेग्रोच्या परराष्ट्र मंत्रालयाचं संकेतस्थळ पुन्हा एकदा पाहा.

आता खरा सापळा. शेजारचा क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. दुब्रोवनिकला उतरून, बसने कोटोरला जाऊन, परत दुब्रोवनिकहून विमान पकडायचं असा बेत पुष्कळ जण आखतात. यात शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो. व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशांच्या रकान्यात '०१' असेल, तर कोटोरला जाता येईल पण परत क्रोएशियात शिरता येणार नाही. तिथे '०२' किंवा 'मल्ट' (MULT, म्हणजे अनेक प्रवेश) असायला हवं. अर्ज करतानाच दोन प्रवेश मागा आणि सोबतच्या प्रवासाच्या आराखड्यात मधले मॉन्टेनेग्रोचे दिवस स्पष्ट दाखवा. ते दिवस शेंगेनच्या ९० दिवसांत मोजले जात नाहीत. कोणत्या देशाकडे अर्ज करायचा हे ठरवतानाही, म्हणजे जिथे जास्त दिवस राहणार तो देश शोधताना, ते धरायचे नाहीत.

एकच प्रवेश मिळाला असेल तर मॉन्टेनेग्रो सहलीच्या शेवटी ठेवा आणि इस्तंबूलसारख्या शेंगेनबाहेरच्या विमानतळावरून घरी या. मॉन्टेनेग्रोची राजधानी पॉडगोरित्साहून इस्तंबूलला थेट विमान आहे.

२. कागदपत्रांची फाइल

सीमेवरचा अधिकारी बसमध्ये चढून पासपोर्ट गोळा करतो किंवा सगळ्यांना खिडकीपाशी उतरवतो. दोन्ही वेळी मोबाइलमध्ये शोधाशोध करायला सवड नसते. हे कागद छापून एका पारदर्शक फाइलमध्ये ठेवा:

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत असलेला
- व्हिसाच्या पानाच्या आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाच्या दोन-दोन प्रती
- मुक्कामाचं आरक्षण, त्यावर घरमालकाचा किंवा हॉटेलचा फोन नंबर
- देशातून बाहेर पडण्याचं तिकीट, बस किंवा विमान
- प्रवास विमा
- अलीकडचं बँक स्टेटमेंट

विम्याकडे विशेष लक्ष द्या. व्हिसासाठी घेतलेल्या स्वस्त पॉलिसीत बऱ्याचदा 'फक्त शेंगेन देश' असं लिहिलेलं असतं. कोटोरच्या पायऱ्यांवर पाय मुरगळला तर त्या पॉलिसीचा उपयोग शून्य. पॉलिसीच्या कागदावर 'मॉन्टेनेग्रो' किंवा 'संपूर्ण युरोप' असे शब्द आहेत का ते पाहा, आणि विमा कंपनीकडून ईमेलवर खात्री करून घ्या.

३. महिना आणि दिवस

आपल्याकडचा पावसाचा हिशोब इथे उलटा चालतो. जुलै-ऑगस्ट कोरडे आणि कडक उन्हाचे, पाऊस पडतो हिवाळ्यात, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सर्वात जास्त. तोही साधासुधा नाही: याच आखाताच्या वर डोंगरात असलेल्या त्स्रक्वित्से या गावी वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि युरोपातल्या सर्वात पावसाळी वस्त्यांत त्याची गणना होते. कोकणातल्या माणसाला आकडा ओळखीचा वाटेल, पण थंडीतला असा पाऊस फिरण्याच्या कामाचा नाही. मेचा उत्तरार्ध, जून आणि सप्टेंबर हे सर्वात चांगले. पोहायचं असेल तर सप्टेंबरच, तेव्हा पाणी उन्हाळाभर तापलेलं असतं.

महिन्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रूझ जहाजं. ती जुन्या गावाच्या अगदी समोर लागतात. सकाळी नऊपासून दुपारी चार-पाचपर्यंत त्यांचे प्रवासी गल्ल्यांत भरलेले असतात आणि संध्याकाळी निघून जातात. कोणत्या दिवशी किती जहाजं येणार याचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं, ते पाहून दिवस लावा. दोन मोठी जहाजं असतील त्या दिवशी गाव सोडून जवळच्या पेरास्ट गावाला किंवा डोंगरावर जा. दुब्रोवनिकहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना कोटोर नेमकं गर्दीच्या वेळी दिसतं. म्हणून किमान तीन रात्री राहा. सकाळी सात वाजता चौकात मांजरं, दुकानांपुढची फरशी धुणारे लोक आणि तुम्ही, एवढेच असता. कोटोर खरं तेव्हा भेटतं.

४. पोहोचायचं कसं

*तिवात विमानतळ:* कोटोरपासून सुमारे ८ किलोमीटर. टर्मिनलमधून शहर बस सुटत नाही. बाहेर पडून हमरस्त्यावर आलात की कोटोरकडे जाणारी बस हात दाखवून थांबवता येते. टॅक्सी घेणार असाल तर बसण्याआधी रक्कम ठरवा. दारातच अंगावर येणाऱ्या चालकांचा पहिला आकडा जवळजवळ नेहमी चढा असतो. घरमालकाला आधी कळवून गाडी मागवणं सर्वात सोपं.

*पॉडगोरित्सा विमानतळ:* कोटोर साधारण ९० किलोमीटर. आधी टॅक्सीने शहरातल्या बस स्थानकावर जायचं, तिथून बुद्वामार्गे बस. स्थानकापासून दोन ते अडीच तास धरा. विमान रात्री उशिरा पोहोचत असेल तर ती रात्र पॉडगोरित्सात काढा.

*दुब्रोवनिकहून बस:* अंतर कमी, पण वेळेची खात्री नाही. सीमेवर रांग नसेल तर दोन-अडीच तास, जुलै-ऑगस्टमध्ये चार-पाचही लागू शकतात. म्हणून सीमा ओलांडायच्या दिवशी दुसरं कोणतंही वेळेचं आरक्षण ठेवू नका. आणखी एक: दुब्रोवनिकचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला, सीमेच्याच दिशेने आहे, पण बस सुटतात शहरातल्या ग्रूज भागातल्या स्थानकावरून. विमानतळावरून आधी उलट दिशेने शहरात यावं लागतं, तो तासभर हिशोबात धरा.

बसमध्ये उजव्या बाजूची खिडकी मागा. वाटेतल्या हर्त्सेग नोवी गावानंतर बस आखाताला वळसा घालून गेली तर पाणी सगळा वेळ उजवीकडे असतं. काही बस कामेनारीला फेरीबोटीवर चढून पलीकडे लेपेतानेला उतरतात. तिथली वेरिगे सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी जेमतेम ३४० मीटर आहे.

बसच्या पोटात ठेवलेल्या बॅगेचे वेगळे पैसे द्यावे लागतात, सामान्यतः एक-दोन युरो, आणि तेही रोख. सुट्टी नाणी खिशात असू द्या. पन्नासची नोट पुढे केली तर मागची सगळी रांग खोळंबते.

५. राहायचं कुठे

*जुनं गाव:* पहाटे आणि रात्री गाव तुमचंच. पण दगडी भिंतींमुळे बारमधला आवाज मध्यरात्रीनंतरही घुमत राहतो आणि खोल्या बहुधा उंच, अरुंद जिन्यावर असतात. आत गाड्यांना प्रवेश नाही, बॅग दारापासून स्वतः ओढायची.

*दोब्रोता:* पाण्याच्या काठाने जाणारा शांत भाग, गावापर्यंत १५ ते ३० मिनिटांची सपाट चाल. पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्यांसाठी माझी शिफारस हीच.

*श्काल्यारी:* बस स्थानकाजवळ, त्यामानाने स्वस्त. पहाटेची बस असेल तर सोयीचं.

*मुओ:* समोरच्या काठावर. इथून गावाचं आणि रात्री उजळलेल्या तटबंदीचं दृश्य उत्तम दिसतं, पण रस्ता अरुंद असून बऱ्याच ठिकाणी पदपथ नाही. रात्री एकट्याने चालत परतणार असाल तर टाळा.

जुन्या गावातल्या पत्त्यावर गल्लीचं नाव नसतं. 'स्तारी ग्राद' म्हणजे जुनं गाव, आणि पुढे घराचा क्रमांक, एवढाच पत्ता. हे क्रमांकही ओळीने सापडत नाहीत आणि उंच भिंतींमध्ये फोनवरचा नकाशा चुकतो. म्हणून मालकाला विचारा: कोणत्या दारातून शिरायचं आणि कोणत्या चौकाजवळ यायचं. दारं तीन आहेत: समुद्राकडचं मुख्य (१५५५ सालचं), उत्तरेला श्कुर्दा नदीवरचं आणि दक्षिणेला गुर्दिच. चौकांची नावं जुन्या व्यवहारांवरून पडली आहेत: शस्त्रांचा, पिठाचा, दुधाचा, सॅलडचा. ती लक्षात राहतात आणि वाट विचारायला उपयोगी पडतात.

नोंदणी विसरू नका. परदेशी पाहुण्याची नोंद आल्यापासून २४ तासांत व्हावी लागते. हॉटेल-हॉस्टेल ती स्वतः करतात. खासगी घरात मालकाने करायची असते, पण काही जण टाळाटाळ करतात. पहिल्याच दिवशी 'बियेली कार्टोन', म्हणजे नोंदणीचा पांढरा कागद, मागा. त्यासोबत 'बोराविश्ना ताक्सा' हा मुक्काम कर लागतो, रात्रीला साधारण एक युरो. कागद देश सोडेपर्यंत जपून ठेवा. नोंद नसल्यास निघताना दंड होऊ शकतो.

६. पैसे, सिम, प्लग

रुपये इथे कुणी बदलून देत नाही. युरोचं फॉरेक्स कार्ड आणि दिवसाला तीस-चाळीस युरो रोख अशी तयारी ठेवा. एटीएम दर वेळी शुल्क कापतात, म्हणून थोडे थोडे पैसे काढत बसू नका. यंत्राने किंवा दुकानदाराने 'रुपयात भरायचं का?' असं विचारलं तर नेहमी युरोच निवडा, रुपयाचा तो दर महाग असतो.

सिमकार्डाबाबत पुन्हा तीच गोष्ट: हा देश युरोपियन युनियनच्या बाहेर आहे. इटलीत किंवा क्रोएशियात घेतलेलं सिम इथे त्याच दरात चालेल असं धरू नका. सीमा ओलांडण्याआधी मोबाइल डेटा बंद करा आणि गावात पोहोचल्यावर पर्यटकांसाठीचं स्थानिक सिम घ्या. दहा-पंधरा युरोत दोन आठवड्यांची भरपूर डेटाची सोय होते.

प्लग युरोपियन दोन गोल पिनांचा, वीज २३० व्होल्ट. आपला तीन पिनांचा प्लग अडॅप्टरशिवाय बसत नाही.

७. किल्ल्याची चढाई

गावामागच्या कड्यावरून तटबंदी नागमोडी वर जाते. तिची एकूण लांबी सुमारे साडेचार किलोमीटर. वरचा सान जोव्हानी किल्ला समुद्रापासून साधारण २६० मीटर उंच, पायऱ्या सुमारे १,३५०. गड चढायची सवय असलेल्याला पाऊण तास, इतरांना तास-सव्वा तास. तिकीट १५ युरो. गेल्या काही वर्षांत ते बरंच वाढलं आहे, म्हणून थोडे जास्तच पैसे ठेवा, तेही रोख.

वेळ निवडण्यामागे कारण आहे. डोंगर गावाच्या पूर्वेला असल्यामुळे सकाळी ऊन कड्यामागेच अडतं आणि पायऱ्या सावलीत राहतात. दुपारनंतर तोच पश्चिमेकडचा उतार तापून निघतो, आणि वाटेत झाडं जवळजवळ नाहीत. म्हणून तिकीटखिडकी उघडताच, साधारण आठला, चढायला लागा. जहाजांचे प्रवासी चढू लागतात तोवर तुम्ही उतरत असता. फोटोसाठी संध्याकाळ हवी असेल तर सूर्यास्ताच्या दीड तास आधी निघा आणि डोक्याला लावायची बॅटरी ठेवा.

- पाणी दीड लिटर.
- तळव्याला पकड असलेले बूट. पायऱ्यांचा चुनखडीचा दगड पावलांनी घासून गुळगुळीत झाला आहे. पाऊस पडून गेल्यावर चपलेने हमखास घसरायला होतं.
- अर्ध्या वाटेवर १५१८ सालचं आरोग्यमातेचं चर्च लागतं. गावाचा उत्तम फोटो इथूनच मिळतो. गुडघे कुरकुरत असतील तर इथूनच परत फिरलात तरी चालेल.

तटाच्या मागून डोंगरावर जाणारी जुनी खेचरांची वाटही आहे, वळणावळणांची, गर्दी नसलेली. पूर्ण चढायला तीन तास लागतात. एकटे जाणार असाल तर मालकाला परतण्याची वेळ सांगून जा. उन्हाळ्यात दगडांच्या सांदीत 'पोस्कोक' हा विषारी साप असतो. कोकणात फुरशासाठी जी काळजी घेता तीच घ्या: न बघता दगडावर हात टाकू नका, वाट सोडून झुडपात शिरू नका.

८. पेरास्ट

कोटोरपासून १२ किलोमीटर. किनाऱ्याच्या रस्त्याने स्थानिक बस जाते, भाडं एक-दोन युरो. बस गावाच्या वरच्या हमरस्त्यावर थांबते, तिथून पायऱ्या उतरून काठावर यायचं. उतरताच परतीच्या शेवटच्या बसची वेळ चालकाला विचारून घ्या. चालत जाण्याचा विचार करू नका, दोब्रोता संपल्यावर रस्त्याला पदपथ नाही.

समोर दोन बेटं दिसतात. सायप्रसची झाडं असलेलं सेंट जॉर्जचं बेट नैसर्गिक आहे, तिथे सहली जात नाहीत. दुसरं, खडकावरच्या मातेचं, माणसांनी बनवलेलं: खलाशांनी दगड आणि दगड भरलेली जुनी जहाजं बुडवून ते उभं केलं. आजही दर २२ जुलैला संध्याकाळी होड्यांची मिरवणूक निघते आणि लोक पाण्यात दगड टाकतात. काठावरून छोट्या होड्या जा-ये करतात, जाऊन-येऊन साधारण ५ युरो. होडीवाल्याला परत किती वाजता न्यायला येणार ते विचारा. चर्चच्या संग्रहालयाचं तिकीट वेगळं, पण ते जरूर काढा. यासिंता कुनिच या पेरास्टच्या बाईने पंचवीस वर्षं भरलेलं भरतकाम तिथे आहे, त्यात तिने स्वतःचे केस वापरले आहेत. सोन्या-रुप्याच्या धाग्यांशेजारी ते केस शोधत थोडा वेळ उभे राहा.

कोटोरच्या धक्क्यावरून 'ब्लू केव्ह' या समुद्रातल्या गुहेच्या स्पीडबोट सहलीही निघतात. एकट्याला त्यात सहज जागा मिळते, पण खडकावरच्या मातेच्या बेटावर त्या थोडाच वेळ थांबतात. आणि आखाताबाहेर समुद्र खवळलेला असतो, बोट लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी.

९. लोव्चेन डोंगर

२०२३ पासून कोटोरजवळच्या दुब इथून केबलकार आहे, ११ मिनिटांत वर. ती मॉन्टेनेग्रोचा कवी-शासक न्येगोश याच्या समाधीपर्यंत मात्र जात नाही. समाधी वेगळ्या शिखरावर आहे, पुढे गाडी लागते आणि शेवटी ४६१ पायऱ्या. एकट्याने गाडी ठरवण्यापेक्षा दिवसभराची गट सहल स्वस्त पडते. ती बहुधा २५ तीव्र वळणांच्या जुन्या रस्त्याने न्येगुशी गावातून जाते. वर सोळाशे मीटरहून अधिक उंची आहे, खाली घाम गाळत असलात तरी जाकीट घ्या.

१०. शाकाहारी असाल तर

'बेझ मेसा', म्हणजे मांसाशिवाय, एवढं पुरत नाही. मासे त्यात धरले जात नाहीत आणि पावट्यासारख्या दाण्यांच्या 'पसूल्य' या आमटीत धुरावलेलं मांस बहुधा असतंच. 'नी मेसो, नी रिबा' म्हणा: मांसही नको, मासेही नकोत.

उपयोगी शब्द 'पोस्नो'. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपवासाचं जेवण, त्यात मांस, अंडी, दूध नसतं. पण मासे चालतात, तेव्हा इथेही विचारून घ्या. नेहमी मिळणारे पदार्थ: बेकरीतला चीजचा बुरेक किंवा पालकाची झेल्यानित्सा, काकडी-टोमॅटो-चीजची शोप्स्का सलाता, बटाटा घालून केलेली ब्लित्वा ही पालेभाजी, आणि डोंगराकडे काचामाक, बटाटा-मक्याचं घट्ट पिठलंच म्हणा, वर साय आणि चीज. फळं-भाजी-चीजसाठी तटाबाहेरचा सकाळचा बाजार, 'पियात्सा'.

११. पोहणं आणि सुरक्षितता

वाळूचा किनारा इथे नाही. सिमेंटचे ओटे आणि खडे, पाण्यात समुद्री साळिंदराचे काटे. पाण्यातले रबरी बूट घ्या. पोहताना सामानाकडे बघायला कुणी नसतं, म्हणून पासपोर्ट खोलीवर आणि सोबत त्याची प्रत. जुन्या गावात रात्री एकट्या बाईनेही फिरायला हरकत नाही. धोका जास्त आहे तो पदपथ नसलेल्या काठाच्या रस्त्यांवर, अंधारात. तातडीला ११२, पोलीस १२२, रुग्णवाहिका १२४.

१२. निघायचा दिवस

बसचं तिकीट आदल्या दिवशी काढा. ऑनलाइन काढलं असेल तरी छापील प्रत ठेवा. काही चालक फोनवरचं तिकीट मान्य करत नाहीत. स्थानकावर वीस मिनिटं आधी पोहोचा, कारण हर्त्सेग नोवीकडच्या बस बुद्वाहून भरून येतात आणि कधी उशिरा, कधी लवकर निघतात. दुब्रोवनिकहून विमान असेल तर बसची पोहोचण्याची वेळ आणि विमान यांत किमान सहा तास ठेवा, ऑगस्टमध्ये आदल्या दिवशीच निघा. पांढरा कागद, व्हिसाचं पान आणि बॅगेसाठी दोन युरोची नाणी वरच्या खिशात ठेवा. सीमेवर पासपोर्ट परत मिळाल्यावर बस हलण्याआधी मॉन्टेनेग्रोतून बाहेर पडल्याचा शिक्का आहे का ते पाहा, आणि नसेल तर तिथेच मागा.